दशक कपाटालाच ठरवू द्या: घरातल्या कपड्यांवर व्हिंटेज पार्टी

आमंत्रणात नुसतं ‘व्हिंटेज थीम’ एवढंच लिहिलेलं असलं की पहिला हात फोनकडे जातो. झालरींचा चकचकीत फ्रॉक, पिसाचा हेडबँड आणि प्लॅस्टिकच्या मोत्यांची माळ असा तयार संच मागवला जातो, आणि पार्टीत अगदी तसाच संच घातलेल्या आणखी चौघी भेटतात. याला सोंग आणणं म्हणतात. पेहराव ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याला लागणारं बरंचसं सामान आपल्याच कपाटात पडलेलं असतं. फक्त शोधायचा क्रम उलटा हवा. आधी दशक पक्कं करून मग त्याचे कपडे धुंडाळायला बसलात तर संध्याकाळी पलंगावर ढीग असतो आणि हाती काही लागलेलं नसतं. त्याऐवजी कपाट उपसा, काय काय निघतंय ते बघा, आणि दशक त्या ढिगालाच ठरवू द्या. आमंत्रणात दशक दिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर यजमानांना एकदा विचारून घ्यावं, कारण ‘व्हिंटेज’ म्हणताना पुष्कळदा त्यांच्या डोक्यात एकच ठरावीक काळ असतो.

तीन रेषा

कपड्यावरून काळ ओळखू येतो तो तीन रेषांवरून: कंबर कुठे बसलीय, घेर कुठे संपतोय आणि खांदा किती रुंद दिसतोय. रंग, छापा, दागिने यांचा नंबर त्यानंतर. हे पडताळायची सोपी युक्ती आहे. दिवसा खिडकीकडे पाठ करून उभं राहा आणि कोणाला तरी फोटो काढायला सांगा. उजेड मागून आल्यामुळे फोटोत नुसती काळी आकृती उमटते. त्या आकृतीवरून दशक सांगता आलं तर मुख्य काम झालं. नाही आलं तर वरून कितीही मोती घाला, भागत नाही.

१९२०च्या दशकात कंबरेची रेषा खाली उतरून हिपवर आली. छाती सपाट, खांदा साधा, सगळा आकार नळीसारखा. तिसच्या दशकात कंबर परत जागेवर गेली आणि दिवसाचा घेर पोटरीच्या मध्यापर्यंत लांबला. पुढे युद्ध आलं. कापडच मिळेना, म्हणून स्कर्ट आखूड आणि अरुंद झाले, गुडघ्याशी येऊन थांबले, आणि खांद्यात पॅड घालून ते चौकोनी केले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं ते मार्च १९४९पर्यंत चाललं. ते चालू असतानाच १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये ख्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला: उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत भरगच्च घेर. पन्नासचं दशक बरंचसं त्याच आकारावर चाललं. साठच्या मध्यावर कंबर गायबच झाली आणि घेर गुडघ्याच्या वर चढला. सत्तरमध्ये अंगाशी घट्ट बसणारं वरचं कापड, रुंद कॉलर आणि गुडघ्याखाली फाकणारी पँट.

आता ढिगाकडे या. सरळ, बिनबाह्यांचा, कंबरेत न आवळलेला ड्रेस निघाला तर वीस किंवा साठ. भरपूर घेराचा स्कर्ट निघाला तर पन्नास. खांद्याचा ब्लेझर आणि गुडघ्यापर्यंतचा साधा स्कर्ट, म्हणजे चाळीस. सॅटिनचा स्लिप ड्रेस निघाला तर तीस. बूटकट पँट आणि मोठ्या कॉलरचा शर्ट, सत्तर. कंबरेखाली बसणाऱ्या लो-वेस्ट जीन्सचा मोह मात्र चाळीस-पन्नाससाठी टाळा. त्या काळातल्या पँटी बेंबीपाशी बसायच्या, आणि खाली बसणारी पँट कितीही वर ओढली तरी मांड्यांमध्ये अडकते, वर जात नाही. तशा जीन्सची जागा साठच्या शेवटी आणि सत्तरमध्ये आहे. तेव्हा हिपवर बसणाऱ्या पँटींचीच फॅशन होती.

आपली खरी कंबर कुठे आहे हेही एकदा बघून घ्या. सरळ उभं राहून एका बाजूला वाका. जिथे घडी पडते ती नैसर्गिक कंबर, बहुतेकांना बेंबीच्या थोडी वर सापडते. तिथे एक इलॅस्टिक बांधून ठेवा, कारण पुढची सगळी मापं तिथून घ्यायची आहेत.

एक सरळ ड्रेस, दोन दशकं

दोन्ही काळांत आकार नळीचाच असल्यामुळे हाच एक ड्रेस वीसलाही चालतो आणि साठलाही. फरक पडतो तो घेराची जागा, बूट आणि चेहरा यांनी.

वीससाठी ड्रेस नेहमीपेक्षा एक माप सैल हवा. घेर गुडघ्याखाली हवा. ही गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. बाजारात मिळणारे मांडीपर्यंतचे झालरीचे फ्रॉक वीसचे नाहीतच. त्या दशकात घेर सगळ्यात वर चढला तो १९२६-२७च्या सुमारास, आणि तेव्हाही तो गुडघ्याच्या आसपासच राहिला. तुमचा ड्रेस आखूड असेल तर आत सॅटिनचा किंवा लेसचा लांब स्कर्ट घाला आणि तो खालून १०-१२ सेंटिमीटर दिसू द्या. थरांचा घेर त्या काळाला शोभतो.

मग कंबर खाली आणायची. साधारण दीड मीटर लांबीचा मऊ स्कार्फ घ्या, घडी घालून १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी करा आणि इलॅस्टिकच्या जागेपासून १८ ते २० सेंटिमीटर खाली, हिपच्या सगळ्यात रुंद भागाच्या जरा वर बांधा. गाठ एका बाजूला, टोकं मोकळी लोंबती. गाठ पुढे मध्यावर आली की आंघोळीच्या गाऊनसारखं दिसतं. आता स्कार्फच्या वरचं कापड सगळीकडून ३-४ सेंटिमीटर बाहेर ओढून त्याचा हलका फुगा सोडा.

एवढं करून आरशात छान दिसतं आणि अर्ध्या तासात स्कार्फ पोटावर आलेला असतो. कारण सरळ आहे: हिपपासून वर शरीर निमुळतं होत जातं, आणि आपण बसलो-उठलो की पट्टी निमुळत्या बाजूला सरकते. अधिक घट्ट बांधली तर आणखी वेगाने सरकते. उपाय असा की स्कार्फ ढिलाच ठेवायचा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींत व पाठीच्या मध्यावर आतून सेफ्टी पिनांनी अडकवायचा. शिवणीत कापड दुहेरी असतं, त्यामुळे पिनेचा ताण पेलतो आणि भोक दिसत नाही. पुढच्या बाजूला पिन लावू नका, फुगा तिथे खेचला जातो.

आतल्या कपड्यांकडेही लक्ष हवं. पॅडवाली ब्रा घातली की नळी मोडते. पातळ, बिनपॅडची किंवा स्पोर्ट्स ब्रा घाला. लांब माळ नसेल तर दोन माळांचे हूक एकमेकांत अडकवा. जोड मानेमागे आणि छातीशी असे दोन ठिकाणी येतील, त्यातला पुढचा जोड माळेलाच एक गाठ मारून झाकता येतो.

आता तोच ड्रेस साठमध्ये न्यायचा. स्कार्फ आणि माळ काढा. घेर गुडघ्याच्या ८-१० सेंटिमीटर वर दुमडून कच्च्या धावदोऱ्याने घाला. ड्रेस अगदी सरळ असेल तर दुमड सपाट बसते. खाली थोडा घेर असेल तर दुमडलेल्या काठाची लांबी वरच्या कापडापेक्षा जास्त भरते आणि चुण्या पडतात. तिथे जादा कापड शिवणींपाशी छोट्या प्लीट घालून जिरवा, समोर सपाट ठेवा. आत बारीक विणीचा बंद गळ्याचा टी-शर्ट घातला तर ड्रेस एकदम दिवसाचा होतो. पायांत पांढरे किंवा एखाद्या गडद रंगाचे अपारदर्शक टाइट्स आणि सपाट बूट. अखंड पायमोजा-कम-चड्डी असलेले टाइट्स १९५९मध्ये बाजारात आले. मिनीस्कर्ट सर्रास घालता आले त्याला हेही एक कारण आहे, कारण सुट्या स्टॉकिंगचा काठ एवढ्या आखूड घेराखाली लपलाच नसता. चेहऱ्यावर काळे डोळे, फिकट ओठ. वीसला ओठ याच्या उलट, गडद आणि लहान दिसणारे, आणि भुवया बारीक.

खांदे आणि काटकसर

चाळीसच्या पेहरावात सगळ्यात महत्त्वाचा तो खांदा. साधा ब्लेझर आणि गुडघ्याशी संपणारा थोड्या घेराचा स्कर्ट, एवढ्यावर ते दशक उभं राहतं, पण आजच्या बऱ्याच ब्लेझरांचे खांदे मऊ असतात. पॅड घरी होतात. जुनं लोकरी किंवा जाड सुती कापड घेऊन १६ सेंटिमीटर पायाचा अर्धवर्तुळाकार तुकडा कापा. दुसरा सगळीकडून दीड सेंटिमीटरने लहान, तिसरा त्याहून दीडने लहान. सरळ कडा एकावर एक जुळवून तिन्ही थर शिवा. सरळ कडेला जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास यावी, गोल कडेकडे ती आपोआप पातळ होत जाते. पॅड बसवताना सरळ कड बाहीकडे, आणि ती खांद्याच्या शिवणीच्या एक सेंटिमीटर बाहेर काढा. बरेच जण पॅड गळ्याकडे सरकवून बसवतात आणि मान आखडल्यासारखी दिसते. ब्लेझरच्या अस्तराला टाके घालायचे नसतील तर पॅड ब्राच्या पट्ट्याला पिनेने लावा. ब्लेझर कंबरेत सैल असेल तर वरून बारीक पट्टा बांधा. खांदा रुंद दिसायला कंबर बारीक दिसणं अर्धी मदत करतं.

डोक्याला ९० सेंटिमीटरचा चौकोनी स्कार्फ. त्रिकोणी घडी घाला, लांब बाजू मानेवर, टोक कपाळावर. दोन्ही टोकं वर आणून कपाळावर गाठ मारा आणि त्रिकोणाचं टोक गाठीवरून वळवून आत खोचा. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या बायका केस अडकू नयेत म्हणून असा फेटा बांधत. रेशमी स्कार्फ घसरतो. आधी केसांवर पातळ सुती कापडाची पट्टी बांधा, मग तो पकडून राहतो.

स्टॉकिंगची मागची शिवण हा चाळीसचा माझा सगळ्यात आवडता तपशील. अमेरिकेत नायलॉनचे स्टॉकिंग देशभर विक्रीला आले १५ मे १९४०ला, आणि लवकरच नायलॉन पॅराशूटसाठी जाऊ लागलं. मग बायका आयब्रो पेन्सिलने पोटरीवर शिवणीची रेघ काढायच्या. आपल्यालाही तेच करायचंय, पण स्वतः नको. स्टुलावर उभं राहा, पाय जुळवा, वजन दोन्ही पायांवर सारखं टाका आणि दुसऱ्या कोणाकडून टाचेपासून वरपर्यंत रेघ काढून घ्या. एका पायावर भार टाकलात तर स्नायू वळतो आणि नंतर रेघ वाकडी दिसते. वॉटरप्रूफ पेन्सिल घ्या, नाहीतर पायावर पाय टाकून बसल्यावर दुसऱ्या नडगीवर शिक्का उमटतो. क्रीम लावलेल्या त्वचेवर रेघ पसरते, म्हणून त्या दिवशी पोटऱ्या कोरड्याच ठेवा.

तिसबद्दल थोडक्यात. स्लिप ड्रेस उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला असेल तरच तो त्या दशकाचा वाटतो, कारण तिरक्या कापडाचा अंगावरून वाहणारा पोत हीच त्या संध्याकाळच्या कपड्यांची ओळख. पॅरिसच्या मादलेन व्हिओनेने ती कला पुढे नेली. तपासायला ड्रेस वर-खाली हलकेच ओढा. लायक्रा नसतानाही ताणला गेला तर उरेब. आतून बिनशिवणीचे कपडे घाला, कारण सॅटिनमधून प्रत्येक काठ उमटतो. असा ड्रेस हँगरला टांगून ठेवू नका, लोंबून घेर वेडावाकडा होतो.

पन्नासचा घेर

इथे कपाटातला कोणताही घेराचा स्कर्ट चालतो, पण तो अंगाशी लोळतो ही अडचण. आत दोन स्कर्ट घाला: अंगाजवळ मऊ सुती, त्यावर कडक. घातल्यावर आतल्यांचा काठ बाहेरच्या काठापेक्षा ४-५ सेंटिमीटर वर राहायला हवा, नाहीतर चालताना तो डोकावतो. सुती परकराला दाट खळ देऊन, पसरून वाळवून, किंचित दमट असताना इस्त्री केली तर तो छान उभा राहतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या परकराला खळ देऊन उपयोग नाही, धागा ती शोषतच नाही, नुसती पांढरी पूड झडत राहते. तिन्ही नेफे कंबरेवर एकाच जागी आले की तिथे टायर तयार होतो. आतले स्कर्ट ५ सेंटिमीटर खाली, हिपवर बसवा. कंबर बारीक राहते आणि घेरही हिपपासून सुटतो.

वर काय? साधा कार्डिगन उलटा घाला, बटणं पाठीवर. तेव्हा मुली खरंच असं घालत, आणि समोरून तो बंद गळ्याचा नेटका स्वेटर दिसतो. बटणं स्वतःला लावता येत नाहीत, म्हणून मधली चार-पाच आधीच लावून डोक्यावरून घाला. गळ्यात ५० सेंटिमीटरचा छोटा रुमाल, गाठ एका बाजूला.

पुरुषांचं काय

पुरुषांचं काम सोपं आहे असं वाटतं, म्हणूनच ते बिघडतं. नेहमीचा ऑफिसचा सूट आणि वर हॅट, एवढ्याने दशक होत नाही, कारण आजच्या पँटीची कंबर खाली असते. तीस-चाळीससाठी कपाटातली सगळ्यात सैल, प्लीटवाली पँट शोधा, आणि ती गॅलिसनी वर धरा. पट्टा काढून टाका, दोन्ही एकत्र घालत नाहीत. पँट पुरेशी वर जात नसेल तर वेस्टकोट किंवा बिनबाह्यांचा स्वेटर घालून कंबर झाका. वेस्टकोट आणि पँट यांच्यामध्ये शर्टाची पांढरी पट्टी दिसली तर सगळं मुसळ केरात, म्हणून हात वर करून बघा. आणि युद्धकाळातला ब्रिटिश पेहराव करत असाल तर पँटीच्या तळाची दुमड सोडून टाका. कापड वाचवायला तेव्हा त्या दुमडीवर बंदी होती.

टाय हा पुरुषांच्या कपाटातला सगळ्यात कामाचा तुकडा. चाळीसमध्ये टाय रुंद आणि आखूड असायचा, कारण पँट वर असायची. घरातला रुंद टाय मोठ्या विंडसर गाठीत बांधला की गाठीत लांबी खाल्ली जाते आणि टोक कंबरेच्या वर थांबतं. साठला टाय अगदी बारीक, ५ सेंटिमीटरच्या आसपास. बारीक टाय नसेल तर आहे तोच उलटा बांधा: रुंद टोक मागे, निमुळतं टोक पुढे, साधी एकेरी गाठ. मागचं रुंद टोक दोन्ही बाजूंनी डोकावतं, ते शर्टाच्या दोन बटणांमधून आत सरकवा आणि कोटाचं बटण लावा. कोट काढायचा नाही, एवढं पथ्य.

पन्नासच्या तरुणासाठी पांढरा, छापा नसलेला टी-शर्ट आणि गडद निळी, न फाटलेली जीन्स पुरते. तळाला ४-५ सेंटिमीटरची एक घडी. स्ट्रेच डेनिमची घडी चालता चालता उलगडते, तेव्हा दोन्ही शिवणींपाशी आतून एकेक टाका मारा.

सत्तर तर सगळ्यांत स्वस्तात होतं. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, कॉलर कोटाच्या कॉलरवर पसरलेली, खाली बूटकट. घरात टाकून द्यायची जीन्स असेल तर खरा घेर करता येतो. बाहेरच्या बाजूची शिवण तळापासून गुडघ्याखालपर्यंत, साधारण ३२ सेंटिमीटर उसवा. आतली शिवण बहुधा दुहेरी टिपेची असते, ती उसवताना कापड फाटतं, म्हणून बाहेरचीच. दीड सेंटिमीटर शिलाई सोडून ३२ उंचीचा आणि २० पायाचा त्रिकोणी तुकडा आत बसवा. टोकापाशी शिवण आधी संपवा, नाहीतर तिथे गोळा येतो. हे परत होत नाही, त्यामुळे रोजच्या जीन्सवर प्रयोग नको.

दुसऱ्या दिवशी कपडा परत हवा असेल तर

आपलेच कपडे वापरण्याची अट ही की सोमवारी ते परत घालता आले पाहिजेत. म्हणून कात्री नाही, आणि इस्त्रीने चिकटणारी टेपही नाही. टेप निघते, पण डिंक कापडात राहतो आणि पुढच्या इस्त्रीला चमकतो. घेर दुमडायला एकेरी दोऱ्याचा धावदोरा, टाके आतून दीड-दोन सेंटिमीटरचे, बाहेरून दोन-तीन धागेच उचललेले. शेवटी गाठ मारू नका, दोन उलटे टाके घ्या, म्हणजे एका ओढीत सगळं सुटतं. पार्टीनंतर लगेच उसवा. घडी आठवडाभर राहिली की तिची रेघ जाता जात नाही.

सेफ्टी पिन ताणाला आडवी लावायची आणि दोनदा आत-बाहेर काढून मग बंद करायची. ताणाच्याच दिशेने लावली तर सगळा भार एका धाग्यावर येतो आणि भोक वाढत जातं. सॅटिनवर भोक कायमचं राहतं, तिथे फक्त शिवणीतच. विणलेल्या कापडाला पिन लावताना टोक धाग्यांच्या मधून घाला. धागाच टोचला तर घर सुटतं.

केस, बूट, आणि पकडून देणाऱ्या वस्तू

केस धुतल्याच्या दिवशी काहीच टिकत नाही. आदल्या दिवशी धुवा. लांब केसांचा वीसचा बॉब करायचा तर मानेपाशी सैल पोनी बांधा, टोकाच्या ३ सेंटिमीटर वर दुसरं रबर लावा, तिथून केस आत गुंडाळत मानेपर्यंत न्या आणि एकमेकांवर फुली मारत पिना लावा. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, तीच केस धरते. गुळगुळीत बाजू आत ठेवली की पिना तासाभरात वर येतात. चाळीसच्या कपाळावरच्या गुंडाळ्यांसाठी बट मुळाशी विंचरून फुगवा, दोन बोटांभोवती टोकाकडून भांगाकडे गुंडाळा, बोटं काढा आणि पिन पोकळीच्या आतून लावा. पुरुषांना पन्नासपर्यंत बाजूचा भांग आणि चापून बसवलेले ओले दिसणारे केस.

बुटांत टाच बघा. काडीसारखी बारीक उंच टाच पन्नासच्या दशकातली, तेव्हा वीस ते चाळीसच्या कपड्यांखाली ती खटकते. ५-६ सेंटिमीटरची जाड टाच त्या तिन्ही दशकांना चालते. पट्टा नसलेल्या बुटाला पट्टा हवा असेल तर काळ्या इलॅस्टिकचं कडं करून बुटाला पावलाच्या मध्यावर, टाचेच्या पुढच्या पोकळीतून घाला. टाचेच्या बुटाचा तो भाग जमिनीला लागत नाही, म्हणून इलॅस्टिक झिजत नाही. सपाट बुटाला हे करू नका, घसराल.

मनगटावरचं स्मार्टवॉच काढा. पाठीवरची लांब झिप ही थोडी नंतरची गोष्ट. तीस-चाळीसमध्ये बायकांच्या कपड्यांची उघड बहुधा डाव्या कुशीला असायची. झिप केसांनी किंवा कार्डिगनने झाकली की झालं, त्यासाठी ड्रेस बाद करायची गरज नाही. नखांना लाल रंग लावताना मुळाशी अर्धचंद्र कोरा सोडा, वीस-तीसमध्ये तशीच रीत होती. आणि एकाच अंगावर तीन दशकं नकोत: वीसची माळ, पन्नासचा घेर आणि सत्तरचे गॉगल मिळून गोधडी होते.

घरात खरंच जुना कपडा असेल तर

आजीच्या पेटीतला फ्रॉक किंवा आजोबांचा कोट निघाला तर तो आधी हातात घेऊन तपासा. कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो. काखेतली आणि पाठीतली शिवण दोन्ही बाजूंनी हलकी ओढा. टाके तडतडले तर कपडा अंगावर नको, किंवा आधी पूर्ण शिवण नव्याने घ्या. जुन्या रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार चढवत, असं रेशीम घडीच्या रेषेवर आपोआप चिरतं. त्याला दुरुस्ती नाही. मण्यांचा जड ड्रेस हँगरला न टांगता आडवा ठेवा, वजनाने खांदे फाटतात. डांबरगोळ्यांचा वास घालवायला दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. वरून अत्तर मारलं तर दोन वास होतात आणि डागही पडतो. अडकणाऱ्या धातूच्या झिपच्या दातांवर पेन्सिलचं शिसं घासा. आणि अशा कपड्यात नाचायचं नाही, काखेतच पहिली चीर पडते.

आदल्या दिवशी पूर्ण पेहराव घालून तासभर घरात वावरा. खुर्चीत बसा, वाका, दोन्ही हात वर करा, जिना चढा, थोडं नाचा. काय सरकतंय, काय टोचतंय, काय उलगडतंय हे तेव्हाच कळतं. सगळ्यात जास्त त्रास देतं ते बसणं: उभं असताना गुडघ्यावर असलेला घेर बसल्यावर चांगलाच वर जातो, म्हणून साठच्या घेराचं माप बसूनच ठरवा. मग पर्समध्ये एक दोरा ओवलेली सुई, सहा सेफ्टी पिना, दहा केसांच्या पिना आणि पायावर रेघ काढली असेल तर ती पेन्सिल टाका.